किडकिडीत मॉडेलना नावे ठेवणे म्हणजे त्या सौंदर्यकल्पनेला विरोध करणे का?

कुंदकळी

फॅशन शोचे एखादे छायाचित्र प्रसिद्ध झाले की त्याखाली ‘हाडांचा सापळा’, ‘हिला कोणीतरी पोटभर जेवायला घाला’ अशा प्रतिक्रियांची रांग लागते. त्याच ठिकाणी भरल्या अंगाची मॉडेल दिसली की ‘हे लठ्ठपणाचे उदात्तीकरण आहे’ असे तितक्याच हिरिरीने लिहिले जाते. अनेकदा दोन्ही लिहिणारी माणसे तीच असतात, आणि आपण तरुण मुलींच्या आरोग्याच्या काळजीपोटी बोलत आहोत अशी त्यांची दोन्ही वेळा प्रामाणिक समजूत असते.

२००६ च्या ऑगस्टमध्ये उरुग्वेची लुइसेल रामोस रॅम्पवरून उतरल्यावर थोड्याच वेळात हृदय बंद पडून गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची आना कारोलिना रेस्तॉन अ‍ॅनोरेक्सियाने, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने खाणे तोडायला लावणाऱ्या मानसिक आजाराने, दगावली. दोघींनीही पंचविशी गाठलेली नव्हती. या दोन मृत्यूंच्या मधल्या काळात माद्रिदच्या फॅशन वीकने १८ पेक्षा कमी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) असलेल्या मॉडेलना मनाई केली, आणि पुढे इस्राएल व फ्रान्स यांनी कायदेही केले. इतके होऊनही रॅम्पवरची शरीरे फारशी बदललेली दिसत नाहीत. लोकांना नेमके काय खटकते, त्या मुलींची उपासमार की त्यांचे दिसणे? आणि ही नापसंती खरी असेल, तर ती या व्यवसायापर्यंत पोहोचत का नाही? जाणकारांनी कृपया लिहावे.

टाचणी

कपड्यांचे पॅटर्न कापणे हे माझे काम असल्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहिते. कपडे दुकानात येण्याच्या साधारण सहा महिने आधी ते रॅम्पवर दाखवले जातात, आणि त्या वेळी बहुधा प्रत्येक कपड्याचा एकच नमुना शिवून तयार असतो. शोमध्ये तोच वापरला जातो, मग छायाचित्रणासाठी आणि मासिकांकडेही तोच जातो. त्यामुळे मॉडेलच्या मापाने कपडा बेतला जात नाही, तर कपड्याच्या मापात बसणारी मॉडेल शोधली जाते. उंची पावणेसहा फुटांच्या आसपास आणि नितंबांचा घेर ९० सेंटीमीटरच्या आत, ही एजन्सीची अपेक्षा असते.

फिटिंगच्या वेळी काय होते ते पाहण्यासारखे आहे. कपडा सैल झाला तर मागच्या बाजूने टाचण्या लावून तो आवळता येतो, आणि समोरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. कपडा घट्ट झाला तर मात्र शिवणीत राखलेले जादा कापड (माया) संपेपर्यंतच तो उसवून वाढवता येतो. त्यानंतरही चेन लागली नाही तर कपडा तसाच राहतो आणि मुलगी बदलली जाते. म्हणजे बारीक असण्याची शिक्षा कोणालाही होत नाही, पण दोन सेंटीमीटर जास्त भरले तर काम जाते. हा दाब एकाच दिशेने, दर हंगामात, पुन्हा पुन्हा पडत राहतो, आणि त्यासाठी कोणी दुष्ट असावे लागत नाही. सोळाव्या वर्षी त्या मापात सहज बसलेल्या मुलीचे नितंब विशीपर्यंत नैसर्गिकपणे रुंदावतात. तिला ‘थोडे कमी कर’ असे सांगितले जाते, पण कमी करायला तिच्याकडे बहुधा चरबी उरलेलीच नसते आणि हाडे तर आक्रसत नाहीत. मला या सगळ्यात सर्वांत क्रूर वाटते ते हेच.

२०१७ मध्ये एलव्हीएमएच आणि केरिंग या दोन बड्या फ्रेंच फॅशन समूहांनी सनद जाहीर करून स्त्रियांसाठीचे फ्रेंच ३२ हे माप निवडीतून वगळले आणि मोठ्यांच्या कपड्यांसाठी सोळा वर्षांखालील मुली घेणे बंद केले. पाऊल चांगलेच होते, पण त्याच्या वरचे ३४ हे मापही लहानच आहे. व्होग बिझनेस या फॅशन व्यवसायाच्या प्रकाशनाने २०२४ मध्ये मोठ्या शोंची मोजणी केली, तेव्हा सुमारे ९५ टक्के पोशाख सर्वांत लहान मापांच्या गटातले निघाले आणि प्लस-साइझ, म्हणजे मोठ्या मापाच्या, मॉडेलच्या वाट्याला एक टक्कासुद्धा आला नाही. ‘जेवायला घाला’ असे हजार जणांनी लिहिले तरी नमुन्याचे माप बदलत नाही, कारण नमुना कापणाऱ्याच्या टेबलापर्यंत त्यातले काहीच पोहोचत नाही.

अनुस्वार

मी आहारविकारांच्या रुग्णांसोबत काम करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो. ‘हाडांचा सापळा’ असे लिहिणाऱ्याला वाटते की आपण धोक्याची सूचना दिली. अ‍ॅनोरेक्सिया असलेल्या व्यक्तीला मात्र हेच शब्द पुष्कळदा कौतुकासारखे ऐकू येतात, आपण करत आहोत ते साधते आहे याचा पुरावा म्हणून ती ते जपून ठेवते. २००७ मध्ये इटलीत ओलिविएरो तोस्कानी या छायाचित्रकाराने याच आजाराशी झगडणाऱ्या इझाबेल कारो या मॉडेलचे अतिशय खंगलेले उघडे शरीर मोठ्या फलकांवर झळकवले, तेव्हाही उपचार करणाऱ्या अनेकांनी हाच आक्षेप घेतला होता. कारो २०१० मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी गेली. मानसिक विकारांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक असणाऱ्या आजारांत अ‍ॅनोरेक्सियाची गणना होते, हे अशी टिप्पणी करण्याआधी लक्षात घ्यायला हवे.

कायद्यांविषयी माझे मत संमिश्र आहे. इस्राएलने २०१२ मध्ये मॉडेलसाठी किमान १८.५ बीएमआयची अट घातली. बीएमआय हे लोकसंख्येची सरासरी पाहण्यासाठी उपयोगी पडणारे गुणोत्तर आहे. एका माणसाची प्रकृती त्यावरून ठरवता येत नाही. जन्मतःच सडपातळ असलेली निरोगी मुलगी त्या आकड्याखाली अडकते. उलट, वारंवार उलट्या काढून रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरलेली आणि हृदयाची लय बिघडलेली मुलगी वजन ठीक असल्यामुळे सहज सुटते. फ्रान्समध्ये आधी असाच आकडा ठरवण्याचा विचार होता, पण अंतिम नियमात निर्णय डॉक्टरांवर सोपवला गेला, तो मला अधिक शहाणपणाचा वाटतो. तिथे वैद्यकीय प्रमाणपत्राविना काम देणाऱ्या एजन्सीला ७५,००० युरोपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संगणकावर शरीर बारीक किंवा जाड केलेल्या जाहिरातींवर तसे छापण्याची सक्तीही २०१७ पासून आहे. दुर्दैवाने अशा सूचनांचा पाहणाऱ्यांच्या मनावर फारसा परिणाम होत नाही, असेच बहुतेक प्रयोगांत आढळले आहे. प्रतिमा खोटी आहे हे कळूनही तुलना थांबत नाही.

प्रतिमांचा परिणाम किती खोल जातो हे पाहायचे असेल तर फिजीचा अभ्यास वाचावा. तिथे पूर्वी भरलेले शरीर मानाचे समजले जाई. १९९५ मध्ये एका भागात दूरचित्रवाणी नुकतीच पोहोचली होती, तेव्हा अ‍ॅन बेकर यांच्या गटाने शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ मध्ये ती पुन्हा केली. खाण्याविषयीच्या चाचणीत धोक्याच्या पातळीवर असलेल्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले होते.

पाऊलखूण

टाचणी यांनी सांगितलेली व्यवस्था मान्य आहे, पण लोकांचे म्हणणे कुठेच पोहोचत नाही हे मला पटत नाही. २०१५ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने तक्रारीवरूनच एका प्रसिद्ध फ्रेंच ब्रँडची जाहिरात बेजबाबदार ठरवून थांबवली, आणि २०२५ मध्येही काही जाहिरातींबाबत असेच निर्णय दिले. यातल्या निर्णयांची भाषा मला महत्त्वाची वाटते. मॉडेलला दोष न देता, उभे राहण्याची ढब, कपड्यांची निवड आणि प्रकाशयोजना यांमुळे ती आजारी वाटावी इतकी बारीक दिसते, असा ठपका जाहिरातदारावर ठेवलेला असतो. आपणही टीका करताना बोट त्या मुलीकडे न दाखवता छायाचित्र निवडणाऱ्याकडे दाखवू शकतो. मी स्वतः लहानपणापासून लुकडी आहे आणि भरपूर जेवते, तरी अनोळखी माणसे काळजीच्या सुरात माझ्या मनगटाचे माप काढतात, त्याचा त्रास किती होतो हे सांगून कळणार नाही.

कुंदकळी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टाचणी, एक शंका उरते. प्रत्येक कपड्याचे दोन-तीन मापांचे नमुने शिवायला इतका खर्च येतो का, की मोठ्या ब्रँडनाही तो परवडू नये?

टाचणी

मोठ्या ब्रँडना तो नक्कीच परवडतो, अडचण वेळेची आणि सवयीची आहे. माप वाढवायचे म्हणजे सगळ्या रेघा सारख्याच बाहेर सरकवायच्या, असे नसते. छातीचा टक, मुंढा आणि बाहीची गोलाई नव्याने बसवावी लागते आणि कच्च्या कापडावर पुन्हा शिवून पाहावे लागते. शोच्या आदल्या रात्रीपर्यंत डिझाइन बदलत असताना हे काम दुप्पट करायला कोणी तयार होत नाही. नवख्या, लहान डिझायनरची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याला दुसऱ्या नमुन्याचे कापडही खरोखरच जड जाते. म्हणून सुरुवात मोठ्यांनी करावी, आणि निदान निम्मे नमुने तरी दोन माप वरचे कापावेत. तसे झाले तर एजन्सीही त्या मापाच्या मुली ठेवू लागतील, कारण मागणी कुठून येते याकडे त्यांचे बारीक लक्ष असते.