शिशिरातली झाडं: पोत आधी की रंग आधी?

करडीछटा:
बर्फातल्या बर्चची (थंड प्रदेशातलं पांढऱ्या सालीचं झाड) अमूर्त चित्रं करताना बरेच जण आधी मॉडेलिंग पेस्टने (वाळून कडक होणारी जाड पांढरी पेस्ट) खोडं उठवतात आणि मग रंगवतात. माझं मत उलट आहे. आधी पातळ रंगात करड्याच्या तीन छटा पक्क्या करा. पेस्ट शेवटी, तीही पुढच्या दोन-तीन खोडांनाच. सगळीकडे सारखाच पोत असला की मागची झाडंही पुढे येतात आणि चित्राची खोली संपते. डच चित्रकार माँद्रियानचं १९११ चं 'करडं झाड' बघा: फांद्यांमधल्या जागाही त्याने फांद्यांइतक्याच मन लावून रंगवल्यात. त्या जागांचा विचार आधी व्हायला हवा.

खरखरीत:
असहमत. शेवटी लावलेली पेस्ट पांढरीफटक दिसते, म्हणजे तिच्यावर रंग आलाच. त्यापेक्षा पोत आधी करा, पूर्ण वाळू द्या आणि पेन्स ग्रेमध्ये (निळसर करडा) किंचित बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) घालून खूप पातळ हात द्या. लगेच ओल्या फडक्याने पुसा. रंग खाचांत बसतो, उंचवटे उजळ राहतात. हा परिणाम ब्रशने कधीच मिळत नाही. ३० × ४० सेंमी कॅनव्हासचा तिसरा हिस्सा २ मिमी जाड भरायला साधारण ८० मिली पेस्ट लागते.

करडीछटा:
पेस्टमध्येच रंग मिसळा की, चार भाग पेस्टला एक भाग ॲक्रिलिक. पांढरेपणाचा प्रश्न उरत नाही. पुसण्याचा मुद्दा मात्र मान्य, तो पोत माझ्या पद्धतीत मिळत नाही.

पुट्टीवाला:
पेस्ट महाग पडते. भिंतीची पुट्टी तीन भाग, फेविकॉल एक भाग, काम झालं.

खरखरीत:
कॅनव्हासवर नको! पुट्टी वाळली की ठिसूळ होते, कॅनव्हास दाबला गेला की तडकते. एमडीएफवर (लाकडी तंतूंची दाबलेली फळी) चालेल, पण दोन्ही बाजूंना प्रायमर (अस्तराचा थर) हवा, नाहीतर फळी वाकते. आणि पुट्टी सिमेंटची असेल तर ती अल्कधर्मी असते, तिच्यावर प्रशियन ब्लू हा निळा रंग टिकत नाही. बर्फाच्या सावल्यांना अल्ट्रामरीन निळा घ्या, तो अल्कलीला दाद देत नाही. पेस्टही एका दमात जाड थापू नका. वरची साय आधी सुकते, आतलं नंतर आक्रसतं आणि भेगा पडतात. पातळ थर द्या, दोन थरांमध्ये एक दिवस जाऊ द्या.

पानगळ:
दोघेही बर्चची साल विसरताय. कोवळ्या बर्चची साल गुळगुळीत, कागदासारखी सुटणारी असते, तिच्यावर आडव्या काळ्या रेघा असतात. जाड पेस्टने तिचं बाभळीचं खोड होतं. जुन्या कार्डाच्या कडेला थोडासा काळा रंग लावा आणि खोडाच्या सावलीकडच्या कडेपासून आत ओढा. रंग मध्येच तुटतो, खोडाला गोलाई येते. कार्डावर रंग जास्त झाला की सलग पट्टा उमटतो, तिथे झेब्रा क्रॉसिंग दिसतं. दर दोन ओढींनंतर कड पुसा.

शिवाय बर्फच कशाला? सह्याद्रीतला निष्पर्ण कांडोळ घ्या, पांढरट साल, पापुद्रे सुटलेले. त्यावर टिश्यू पेपर मॅट मीडियमने (चकाकी नसलेलं चिकट ॲक्रिलिक द्राव) चिकटवला तर पेस्ट लागतच नाही.

खरखरीत:
कांडोळाला टिश्यू, मान्य. पण म्हाताऱ्या बर्चचा बुंधा बघा, खाली साल काळी, भेगाळलेली होते. तिथे पेस्टच हवी, आणि आधीच हवी.

करडीछटा:
बुंध्यापुरती आधी, चालेल. आभाळाला मात्र एक कणही लावू नका.