मदत हवी आहे: न्यूटनचं सोन्याचं ५० पेन्स की मुलामा दिलेली चांदी?

नमस्कार मंडळी,

गणिताशी नातं असलेली नाणी जमवतो. गणितज्ञ गाउसचं १९७७चं जर्मन ५ मार्क आहे, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचं २०१८चं १२५ रुपयांचं आहे. सोन्याचं मात्र एकही नव्हतं. २०१७चं आयझॅक न्यूटनचं ५० पेन्स, सोन्याचं प्रूफ (संग्राहकांसाठी आरशासारखं चकचकीत काढलेलं नाणं), कधीपासून डोक्यात होतं. एक तर न्यूटन स्वतः लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख होता, त्यात नाण्याचा आकारही गणितीच. सात बाजू असूनही व्हर्नियर कॅलिपरमध्ये कसंही फिरवून धरा, २७.३ मिमीच भरतं. (निवृत्त मास्तर आहे, सगळ्या बाजूंनी धरून पाहिलं.)

भाच्याने तिकडे एका विक्रेत्याकडून सेकंडहँड घेतलं आणि येताना विमानतळावर सोन्याची ड्युटी भरून आणलं. डबी नाही, सर्टिफिकेट नाही. तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती.

सराफाकडे नेलं तर त्याने थेट कसोटीचा दगड काढला. प्रूफ नाण्यावर ओरखडा! हातातून काढूनच घेतलं. मग नुसतं वजन केलं: १५.९८ ग्रॅम. साधं ५० पेन्स ८ ग्रॅमचं, सोन्याचं १५.५. मग हे जवळपास अर्धा ग्रॅम जास्त कुठून आलं?

घरी पेला पाण्याने भरून काट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला आणि नाणं दोऱ्याने बांधून, तळाला न टेकवता, पाण्यात सोडलं. आकडा आला १.५५. एवढंच पाणी नाण्याने सारलं, म्हणजे घनता १५.९८ ÷ १.५५ = १०.३. २२ कॅरेटला १७च्या वर यायला हवी, ही तर स्टर्लिंग (९२.५ टक्के) चांदीची निघाली. साध्या ५० पेन्सशेजारी ठेवलं तर जाडीही जवळपास दुप्पट. रॉयल मिंट (ब्रिटनची टांकसाळ) चांदीची दुप्पट जाडीची, १६ ग्रॅमची नाणी काढते. त्यातल्याच एकाला कुणीतरी सोन्याचं पाणी दिलेलं दिसतंय.

आता विचारायचं ते:

हॉलमार्किंग सेंटरचं एक्सआरएफ मशीन (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) वरचाच थर वाचतं म्हणतात. मुलामा जाड असेल तर ते '२२ कॅरेट' दाखवून मोकळं होईल का? नाण्याला न दुखवता, विक्रेता नाकारू शकणार नाही असा लेखी रिपोर्ट कुठल्या चाचणीचा मिळेल?

पैसे परत नाहीच मिळाले तर मुलामा उतरवावा की आहे तसंच ठेवावं? उतरवताना प्रूफची आरशासारखी चकाकी जाईल अशी भीती वाटते.

आणि सोनं नसलेल्या नाण्यावर भरलेली सोन्याची ड्युटी कुणाला परत मिळाली आहे का? पावती जपून ठेवली आहे.