नाशिक ते तंजावर गाडीने, मध्ये नातेवाईक आणि जिंजीचा किल्ला, प्लॅन बघा जरा

इंदिरानगरकर:
नमस्कार मंडळी, जानेवारीत गाडीने तंजावरला जायचं चाललंय. मी, बायको, मुलगा आणि आई. आमचा कुणीतरी पूर्वज तिथल्या भोसले राजांच्या पदरी कारकून होता आणि एक शाखा तिकडेच राहिली असं घरात सांगतात. त्यातले एक चुलत आजोबा अजून आहेत, आईचं त्यांच्याशी फोनवर बोलणं असतं, म्हणून तिने धोशा लावलाय की याच वर्षी जायचं. वाटेत बेळगावला मावशी, धारवाडला आत्तेभाऊ, बंगळूरला मेहुणा. रूट सिन्नर, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, दावणगेरे, बंगळूर, जिंजी, तंजावर, म्हणजे एका बाजूने पंधराशे किमीच्या आसपास. कुठे किती थांबावं? विमानाने जा असं प्लीज सांगू नका, ते सासऱ्यांनी सांगून झालंय.

गाडीवाला_सातपूर:
पहाटे चारला निघा म्हणजे चाकण उजाडायच्या आत पार होतं, नाहीतर तिथेच नाश्त्याची वेळ होते. पुढे सातारा ते कागल सहापदरीचं काम आहे, डायव्हर्जन खूप, त्यामुळे मॅप दाखवतो त्यात दीड-दोन तास वाढवूनच धरा. कर्नाटकात शिरलात की रस्ता मस्त. फास्टॅगचा वार्षिक पास काढा, दोनशे ट्रिप मिळतात, पण तो नॅशनल हायवेच्या टोलवरच चालतो, राज्याच्या टोलला पैसे कटतात.
आणि एक आगाऊ सल्ला, प्रत्येक नातेवाइकाकडे मुक्काम ठेवू नका. मावशीकडे रात्र, आत्तेभावाकडे फक्त नाश्ता. मराठी माणसाच्या घरी "जेवूनच जा" सुरू झालं की दुपारचे तीन वाजलेच समजा.

पंचवटीची_ताई:
दादा, आधी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जाऊन या. रामकुंडावर तुमच्या गावाचे आणि आडनावाचे जे तीर्थोपाध्याय असतील त्यांच्याकडे नामावळी असते, घरातलं जो कोणी नाशकात यात्रेला किंवा श्राद्धाला आला त्याने आपल्या हाताने नावं लिहून सही केलेली असते. आमच्या वहीत पणजोबांची सही आहे, खाली तीन भावांची नावं, त्यातल्या एकाचं तर घरात कुणाला माहीतही नव्हतं. मूळ गाव नक्की सांगता आलं पाहिजे, सध्या कुठे राहता त्याचा उपयोग नाही. जुनी पानं मोडीत असतील तर मोडी वाचणाऱ्याला सोबत न्या. तंजावरची शाखा कधी इकडे आली असेल तर तिथेच सापडेल. त्या आजोबांना नुसतं "आम्ही अमक्याचे" म्हणण्यापेक्षा चार नावं सांगितलीत ना, तर ते पुढची दहा सांगतील. आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा, नंतर कुणी विचारायला उरत नाही.

बंगळूरचा_नाशिककर:
दावणगेरेपाशी हायवे सोडून चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे आहे, तिथे शहाजीराजांची समाधी. १६६४ मध्ये शिकारीत घोड्यावरून पडून गेले. छोटं ठिकाण आहे, तासाभरात होतं, चुकवू नका.
जिंजीसाठी कृष्णगिरीहून तिरुवण्णामलैमार्गे जा. महाराजांनी १६७७ मध्ये घेतलेला किल्ला, पुढे राजारामांनी इथूनच राज्य चालवलं, मोगलांचा वेढा १६९८ पर्यंत चालला. राजगिरीचा चढ खडा आहे, आईंना खालीच कल्याण महाल दाखवा, तुम्ही सकाळी लवकर चढून या.
तंजावरला बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली तिथले राजे दुसरे सरफोजी यांनी कोरून घेतलेला भोसल्यांचा इतिहास आहे, मराठीत, देवनागरी लिपीत. आपण वाचत उभे राहिलो की आजूबाजूचे वळून बघतात. देऊळ दुपारी बंद असतं आणि फरशीवर अनवाणी पाय भाजतात, त्यामुळे सकाळचीच वेळ धरा. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद ढिगाने आहेत, पण कारकुनाचं नाव शोधायचं तर आधी पत्र टाका, जाता जाता होणारं काम नाही ते.
पोंगलच्या आठवड्यात मात्र नको, हॉटेलं फुल. जानेवारीचा शेवट बघा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पाऊस, ते टाळलंत हे बरं केलंत.

इंदिरानगरकर:
ताई, नामावळीचं डोक्यातच नव्हतं, रविवारी आईला घेऊन जातो. होदिगेरे अॅड केलं. धारवाडला नाश्ताच, फक्त आत्तेभावाला हे कोण सांगणार, हा प्रश्न आहे.

गाडीवाला_सातपूर:
सांगू नका. पोचल्यावर म्हणायचं, आईला अंधार पडायच्या आत बंगळूर गाठायचंय. पेढा मात्र घ्या, रांग असते.