सातपुड्याच्या पायथ्याला केबिन आणि डोम: हे पर्यटन खानदेशाला झेपणार आहे का?

तापीकाठ (जळगाव):

दिवाळीपासून व्हॉट्सअॅपवर एकाच छापाच्या जाहिराती फिरतायत. पांढरा घुमटाकार तंबू, आत गुबगुबीत पलंग, बाहेर दिव्यांच्या माळा, मागे सातपुडा. 'निसर्गाच्या कुशीत लक्झरी केबिन, ट्रेकिंग, बोटिंग, कॅम्पफायर, डीजे.' निसर्गाच्या कुशीत डीजे कशाला, ते जाहिरातवाल्यालाच माहीत.

पर्यटन वाढावं याला माझा विरोध नाही. तोरणमाळचा यशवंत तलाव, पालची सुकी नदी, मनुदेवी, उनपदेवचे गरम पाण्याचे झरे, पाटणादेवी, हतनूर धरणावरचे पक्षी, एवढं सगळं असून आपल्याकडे माणूस मुक्कामाला थांबत नाही, हे खरंच आहे. पण लोणावळा-पवन्याचा नमुना उचलून इथे ठोकायचा, हे मला पटत नाही. तिथली हवा वेगळी, इथली वेगळी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. त्या उन्हात प्लास्टिकच्या कापडाचा डोम किंवा पत्र्याची केबिन म्हणजे दिवसभर एसी सुरू. आणि शेजारच्या वावरात शेतकरी थ्री फेज रात्री येते म्हणून बॅटरी घेऊन अंधारात पाणी भरतोय.

आपल्या पूर्वजांनी याच उन्हासाठी धाब्याची घरं बांधली. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, सागाच्या सऱ्यांवर काड्या, वर मातीचा थर. भर दुपारी आत शिरलं की डोळ्यांना अंधारी येते आणि अंगाला गारवा लागतो. रात्री त्याच धाब्यावर खाटा. मुक्कामाची सोय करायचीच तर अशी करा, तीही खाली शेतात, जंगलाला खेटून नाही. बोला आता.

केळीवाला_रावेर:

भाऊ, लिहिलंय छान. आता माझं ऐका. माझ्याच वावरात दोन केबिनी आहेत, म्हणून अंगाला लागलं.

केळीचं गणित तुम्हाला ठाऊक असेलच. भाव बऱ्हाणपूरकडे बघून ठरतो. सीएमव्ही, म्हणजे केळीवरचा विषाणू रोग, आला की खोडं उपटून फेकायची. त्यातून वाचली तर मे-जूनच्या वादळात उभी बाग एका रात्रीत आडवी. पंचनामा होतो, पुढचं विचारू नका. अशा वेळी केबिनीचे पैसे महिन्याच्या महिन्याला येतात, तर कोणाचं काय बिघडलं?

धाब्याच्या घराचं म्हणाल तर माझा जन्मच तशा घरातला. पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायला माणूस शोधून द्या. सागाच्या सऱ्यांचा भाव विचारून या. वरून माती गळते, भिंतीत विंचू निघतो. आम्ही ते सोडून स्लॅब टाकला तेव्हा कोणी हळहळलं नाही. आता पाहुण्यांसाठी पुन्हा बांधू म्हणता?

मूळ_अमळनेर_सध्या_पुणे:

केळीवाल्या दादांशी सहमत. दरवर्षी पोरांना गावी आणतो. पहिला दिवस आजी-आजोबांत जातो, दुसऱ्या दिवसापासून मोबाइल. सहा तास गाडी चालवून कोकणात जातो, पण घरापासून तासाभरावरचा सातपुडा पोरांनी पाहिलेला नाही, कारण राहायला धड जागा नाही. डोम असो की पत्रा, आधी सोय होऊ द्या. चांगलं-वाईट लोक आपोआप निवडतील.

शिवाय तोरणमाळकडे आदिवासी बांधवांची पुष्कळ जमीन आहे. दहा-पंधरा वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली तर त्यांनाही घरबसल्या उत्पन्न. हा विचार कोणी का करत नाही?

धडगावची_लेक:

करतात दादा, रोज कोणीतरी करतं. म्हणूनच कायदा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ३६ आणि ३६-अ वाचा. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकणंच नाही, भाड्याने देणंसुद्धा वरच्या परवानगीशिवाय चालत नाही. आणि आमच्याकडे पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे, ग्रामसभेला डावलून काही करता येत नाही. 'घरबसल्या उत्पन्न' म्हणजे काय होतं तेही सांगते. जमीन ज्याची तो तिथेच रात्रीचा चौकीदार, त्याची बायको भांड्याला.

दुसरी गोष्ट. गेल्या हिवाळ्यात एका रिसॉर्टवाल्याचा माणूस आमच्या पाड्यावर आला. पाहुण्यांसमोर 'होळी नृत्य' करायला पंधरा माणसं हवी होती, डिसेंबरात! होळीला आमची माणसं मोरपिसांचा टोप घालतात, कमरेला सुकलेले दुधी आणि घुंगरू बांधतात, ते नवस असतो म्हणून. आधी दिवसचे दिवस पाळणूक करावी लागते, खाटेवर झोपायचं नाही, बरीच बंधनं. ते जेवणानंतरच्या करमणुकीला कसं करणार? आमच्या म्हाताऱ्याने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आमच्याकडच्या काठी गावची होळी बघायला या की. आम्ही बोलावतो. पण होळीला या.

चाळीसगावकर:

मी मधला मार्ग सुचवतो. आमच्या पाटणादेवीचं बघा. गौताळा अभयारण्याच्या कडेला चंडिकेचं देखणं मंदिर, धवलतीर्थ धबधबा, वर कन्हेरगड, पलीकडे पितळखोऱ्याची लेणी. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, तो सांगणारा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख इथलाच. म्हणजे गणितवाल्याला, गडवाल्याला, देवीच्या भक्ताला, सगळ्यांना काही ना काही आहे. आणि होतं काय? सकाळी येतात, दर्शन, धबधबा, प्लास्टिकच्या पत्रावळी, संध्याकाळी परत. वेरूळ-अजिंठ्याला येणारा पाहुणा छत्रपती संभाजीनगरात झोपतो. राहायची बरी सोय झाली तर तोच माणूस इथे दोन दिवस काढेल, वाटाड्या घेईल, गावात जेवेल. त्यासाठी चार-सहा केबिनी चालतील, चाळीस नकोत.

हतनूरचा_पक्षीवेडा:

चार-सहाच्या चाळीस कधी होतात ते कळत नाही, हाच प्रश्न आहे. अभयारण्यांभोवतीच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनांमध्ये साधारण एक कलम असतं: हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवी हॉटेलं-रिसॉर्ट नकोत, मात्र निसर्ग पर्यटनासाठी लहान तात्पुरती बांधकामं चालतील. डोम-तंबू याच फटीतून आत येतात. 'तात्पुरतं' म्हणायचं, खाली काँक्रीटचा ओटा ओतायचा, मागे संडासाची टाकी बांधायची, आणि तेच वर्षानुवर्षं उभं.

हतनूरला हिवाळ्यात पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतात. तापी-पूर्णेच्या संगमावरच्या त्या उथळ पाण्यात मोटरबोट फिरवली की अख्खा थवा उठतो. पुन्हा बसतो, पुन्हा उठतो. हंस बघायला आलेला पाहुणाच त्यांना हाकलतो. बोटिंग हवं तर वल्ह्यांची नाव ठेवा आणि थव्यापासून लांब ठेवा.

आणि कॅम्पफायर! फेब्रुवारीनंतर सातपुड्यात सागाची पानं गुडघ्याएवढी साचलेली असतात. एक ठिणगी पुरते. मोह वेचायचे दिवसही तेच. जंगल जळालं तर ज्याची वर्षाची टोपली जाते तो केबिनीत राहायला आलेला नसतो.

सून_अमळनेरची:

इतका वेळ धडगावची लेक सोडली तर सगळे भाऊच बोलतायत, म्हणून लिहिते.

आपल्याकडे हिवाळ्यातलं वावरातलं पर्यटन आधीपासूनच आहे, त्याचं नाव भरीत पार्टी. पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजायची, लाकडी बडजीत ठेचायची, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, वर शेंगदाण्याचं तेल. चव जगात नाही, मान्य. पण जातं कोण? पुरुष. बायका गेल्याच तर भाकरी थापायला, आणि दिवसभर पाणी न पिता. कारण वावरात संडास नाही. अंधार पडायच्या आत घरी पळायचं.

मागच्या वर्षी आम्ही मैत्रिणी एका केबिनीत राहून आलो. आतून कडी लागत होती, नळाला पाणी होतं, रात्री बाहेर ओट्यावर बसून चांदण्या बघितल्या. जळगावात एवढ्या चांदण्या दिसत नाहीत. मला धाब्याचं घर की डोम याच्याशी देणंघेणं नाही. कडी आणि संडास हवा. तो जो कोणी देईल, त्याच्याकडे मी पैसे देऊन जाईन. तापीकाठ भाऊ, तुमच्या पोस्टमध्ये खाट आली, गारवा आला, हे आलं नाही.

भो_शिरपूरना:

ताईनं बरोबर सांगं. पन मी म्हंतस, मे महिनामा त्या डोममा कोन झोपाव शे? भट्टी शे ती भट्टी! थंडीमा खुशाल लावा, उन्हायामा गुंडाळीसन ठेवा.

तापीकाठ:

ताई, कडी-संडासाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्यासाठी डोम लागत नाही. साध्या विटांच्या खोलीलाही कडी लागते. २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, ते शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतातल्या मुक्कामासाठीच आहे. जंगलाच्या कडेला जमिनी घेणाऱ्या शहरातल्या कंपनीला आणि केळीवाल्या भाऊंना मी एका तराजूत तोलत नाही. भाऊंच्या केबिनीत राहिलेले पैसे रावेरच्याच किराणा दुकानात जातात.

पुणेकर दादा, 'लोक आपोआप निवडतील' म्हणता, पण निवडणारे तुम्ही. धूर, गोंगाट, उपसलेलं पाणी गावाच्या वाट्याला. रावेर-यावलच्या पट्ट्यात बोअर किती खोल गेलेत ते विचारा, आणि मग स्विमिंग पूलचे फोटो बघा.

केळीवाले भाऊ, थेट विचारतो. रात्री दहाला स्पीकर बंद, शेकोटी फक्त मोकळ्या वावरात आणि पूल नाही. जमेल?

केळीवाला_रावेर:

स्पीकर दहाला बंद हा तर कायदाच आहे. माझ्याकडे नऊलाच बंद होतो, कारण पलीकडे माझी आई झोपते. शेकोटी बांधावर करतो, शेजारी पाण्याचा ड्रम भरलेला.

पूलचं जमणार नाही. फोन आला की पहिला प्रश्न रेटचा, दुसरा पूलचा. 'नाही' म्हटलं की समोरचा फोन ठेवतो. म्हणून मी हौद मोठा केला. मोटरचं पाणी आधी हौदात पडतं, तिथून फिल्टरमधून ठिबकला जातं. पोरं त्यात दिवसभर डुंबतात आणि संध्याकाळी तेच पाणी केळीला. जास्तीचा उपसा शून्य. औषध टाकत नाही, आणि साबण लावून उतरलं की मी स्वतः ओरडतो. पुण्याच्या एका साहेबांना राग आला होता, आला तर आला.

उन्हाळ्यात केबिनी बंदच ठेवतो. शिरपूरवाल्या भोने सांगायच्या आधीपासून.

हतनूरचा_पक्षीवेडा:

हौदाची आयडिया आवडली. बाहेरच्या दिव्यांच्या माळा रात्रभर सुरू असतात का?

केळीवाला_रावेर:

त्या पाहुण्यांना फोटोला लागतात. जेवणं झाली की बंद करतो. वीजबिल मलाच भरायचंय.

सून_अमळनेरची:

आणि संडासाची टाकी विहिरीपासून किती लांब?

केळीवाला_रावेर:

विहीर चढाला, टाकी खालच्या बांधाला. मध्ये अख्खी बाग आहे ताई. जानेवारीत या, भरीत मी करतो, भाकरी माझा भाऊ थापेल.