४० चं इंजिन बदलायचंय: पुन्हा टू-स्ट्रोक यामाहाच, की फोर-स्ट्रोक? तुमचं मत सांगा

खाडीमुख (आचरा)

होडी फायबरची, २६ फुटी, तिघांची. गिलनेट टाकतो, हंगामात सुरमईला गळ ओढतो. इंजिन ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक, १२ वर्षं चाललं. दोनदा बोअर करून झालंय. यंदा मे महिन्यात वरच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं आणि आता त्याच्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. १ जूनपासून मासेमारीला बंदी, होडी वर माडाखाली झाकून ठेवली आहे. ३१ जुलैपर्यंत काय ते ठरवायचं.

माझं मत आधीच सांगतो, मग तुम्ही खोडा. मी पुन्हा यामाहाचं टू-स्ट्रोक एंड्युरो ४० घेणार. कारण एकच, आणि ते कुठल्याही कंपनीच्या कागदावर नसतं. आमच्याकडे जेटी नाही. संध्याकाळी इंजिन होडीवरून उतरवून घरी न्यावं लागतं. बांबूला दोरीने बांधायचं, पुढे मी, मागे भाऊ, आणि ओल्या वाळूतून दीडशे पावलं चढ. ७०-७५ किलो आम्ही दोघं रेटतो. फोर-स्ट्रोक ४० म्हटलं की १०० किलोच्या आसपास आलं. त्याला चार माणसं लागतात, आणि होडीवर आम्ही तिघंच असतो.

दुसरं म्हणजे, बिघडलं तर वाडीतलं कोणीही कार्ब्युरेटर खोलतं. प्लग, इम्पेलर (थंड करायचं पाणी ओढणारं रबरी चाक), पेट्रोलचा पंप, सगळं सायकलीच्या अंतरावर मिळतं. फोर-स्ट्रोकला लॅपटॉप लागतो.

पागी (देवगड)

भाऊ, मी तीन हंगामांपूर्वी तुमच्याच जागी होतो. टू-स्ट्रोक ४० काढलं आणि सुझुकीचं फोर-स्ट्रोक ४० घेतलं. पहिल्या दिवसापासून वहीत पेट्रोल लिहून ठेवलंय, म्हणून आकडे सांगू शकतो.

जुन्या इंजिनला रोजची फेरी साधारण ३० लिटरची. तीच फेरी, तीच जाळी, आता २० लिटरात होते. वाचले १० लिटर, म्हणजे हजाराच्या वर. शिवाय टू-स्ट्रोकला ५० ला १ या मापाने ऑईल, ३० लिटरला ६०० मिली. तेही धरा, दिवसाला बाराशे-तेराशे रुपये होतात. मला मिळालेल्या दोन कोटेशनांत फरक २ लाखांचा होता. दीडशे-एकशे साठ फेऱ्यांत तो फिटला. वारं, उधाण, सणवार वजा जाता तेवढ्या फेऱ्या एका हंगामात होतातच.

फरक कुठे पडतो तेही सांगतो. पूर्ण थ्रॉटलवर फार नाही पडत. जाळं ओढताना, गळ लावून हळू चालताना पडतो. कार्ब्युरेटरवालं टू-स्ट्रोक हळू चालताना पाव हिस्सा तरी पेट्रोल न जळता एक्झॉस्टमधून बाहेर टाकतं. पाण्यावर जो इंद्रधनुष्यी तवंग दिसतो ना, ते आपलेच पैसे.

सुझुकी का? त्याला टायमिंग चेन आहे, तेलात फिरते. यामाहाच्या फोर-स्ट्रोक ४० ला पट्टा आहे. पट्टा वाईट नाही, पण वेळेवर बदलायला हवा आणि आपल्याकडे तास कोण मोजतं? शिवाय ९४१ सीसी आहे, यामाहा आणि मर्क्युरीचं ७४७. भरलेली होडी ओढताना ते जाणवतं.

खाडीमुख

दादा, वहीला मान आहे. पण तुम्ही देवगडला जेटीच्या आत बसता. इंजिन टिल्ट केलं, कव्हर घातलं, घरी गेलात. तुमच्या हिशोबात खांद्याचं वजन कुठे आहे? आणि २ लाख आज कुठून आणायचे? सोसायटीचं कर्ज घेतलं तर त्यावर व्याज आहे. ते धरलं की तुमचे दीडशे दिवस आणखी लांबतात.

मशीनवाला (रत्नागिरी)

मी २२ वर्षं हीच इंजिनं खोलतोय. दोघांच्याही बोलण्यात एकेक चूक आहे.

खाडीमुख, टू-स्ट्रोकला काही लागत नाही असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्या लिहिण्यात ते आहे. माझ्याकडे पिस्टन जाम होऊन आलेली जी टू-स्ट्रोक इंजिनं येतात, त्यातली बहुतेक ऑईल वाचवल्यामुळे आलेली असतात. मिश्रण डोळ्याच्या अंदाजाने होतं. कोणी मोटरसायकलचं ऑईल घालतं. आउटबोर्डला, म्हणजे होडीच्या मागे लावतात त्या इंजिनाला, टीसी-डब्ल्यू३ ऑईल लागतं, ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठीच बनवलेलं असतं. तुमचं वरचं सिलिंडर का गेलं ते पिस्टन काढून बघा. एका बाजूला उभे ओरखडे असतील तर दोष मिश्रणाचा किंवा इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचा, आणि नवीन इंजिनचंही तेच होईल.

पागी, फोर-स्ट्रोकला लॅपटॉप लागतो हे त्यांचं म्हणणं तुम्ही सोडून दिलंत, पण ते अर्धं खरं आहे. सेन्सर गेला तर किनाऱ्यावर काही करता येत नाही. आणि दर १०० तासांनी ऑईल बदलायचं असतं. किती जण बदलतात?

आता मुख्य मुद्दा, ज्याबद्दल दोघंही बोलला नाहीत. पेट्रोल. बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं छापलेलं असतं. आज पंपावर मिळतं ते २० टक्क्यांपर्यंतचं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि समुद्रावर हवा म्हणजेच पाणी. ते मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉलसकट खाली बसतं आणि टाकीच्या तळातून थेट इंजिनात जातं. टू-स्ट्रोकमध्ये याचा धोका जास्त, कारण वंगणाचं ऑईल पेट्रोलातूनच येतं. तळाचं ते पाणी-इथेनॉल ओढलं तर तेवढा वेळ पिस्टन कोरडा चालतो. फोर-स्ट्रोकमध्ये इंजेक्टर आणि फिल्टर चोंदतात, इंजिन बंद पडतं, पण मरत नाही.

म्हणून कुठलीही कंपनी घ्या, टाकी आणि इंजिनच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर हवाच. आणि बंदीच्या आधी कार्ब्युरेटर कोरडा करून ठेवायचा. ऑगस्टमध्ये माझ्याकडे जी रांग लागते ती जूनमध्ये टाकीत राहिलेल्या पेट्रोलची असते.

हर्णैचा वारा

या धाग्यात दोनच कंपन्या चालल्यात. तोहात्सूचं नाव कोणी घेत नाही, याचं आश्चर्य वाटतं. ३० पर्यंतची मर्क्युरीची बरीच फोर-स्ट्रोक इंजिनं तोहात्सूच बनवते, वर फक्त रंग आणि नाव बदलतं. म्हणजे नावाचे पैसे द्यायचे की इंजिनचे, ते आपण ठरवायचं.

पण मी सांगायला आलोय ते वेगळंच. माझ्या आधीच्या इंजिनचं सीडीआय युनिट (प्लगला ठिणगी देणारं) गेलं. कंपनीचं नाव घेत नाही. विक्रेत्याने सांगितलं, आठ दिवसांत येईल. डिसेंबरापासून, म्हणजे ऐन हंगामात, मी ४१ दिवस दुसऱ्याच्या होडीवर वाट्याने गेलो. हर्णैला होड्या खोल पाण्यात नांगरून ठेवतात, लिलाव वाळूवर होतो. रोज संध्याकाळी त्या लिलावात उभा राहून माझी रिकामी होडी डुलताना बघत होतो. त्यानंतर मी एकच नियम केला: विकत घेण्याआधी दुकानात जाऊन सात वस्तू समोर मागायच्या. इम्पेलर, थर्मोस्टॅट, सीडीआय, पेट्रोलचा पंप, गिअरच्या शाफ्टची सील, प्रोपेलरचा बुश, स्टार्टरची दोरी. काउंटरवर सातपैकी निदान पाच आल्या नाहीत तर ते इंजिन जगातलं सर्वोत्तम असलं तरी माझ्यासाठी नाही.

नाव मोठं आहे म्हणून भरवसा ठेवू नका. एविनरूड हे आउटबोर्डमधलं १९०९ पासूनचं नाव, ते बनवणं २०२० साली बंद झालं.

गजालवाली (मालवण)

मी होडयेत जाणय नाय, पण सकाळी लिलावाक टोपली घेवन मीच उभी ऱ्हवतंय. म्हणान लिवतंय.

माझ्या घोवाक डाव्या कानान आता कमी ऐकाक येता. वीस वर्सा तो इंजिनाच्या दांड्याकडे बसता, डावो कान इंजिनाकडे. डाक्टर म्हणालो, आवाजामुळा झाला. घरात सगळी त्येच्याशी मोठ्यान बोलतत, आणि शेजाऱ्यांका वाटता आमी भांडतो.

गेल्या वर्सा आमच्या दिरान फोर-स्ट्रोक घेतल्यान. तो इंजिन चालू करून फोनार बोलता, इतको आवाज कमी. पेट्रोलाचो हिशोब तुमी सगळ्यांनी केल्यात. कानाचो कोणी करूक नाय.

पागी (देवगड)

वहिनी, तुमचं खरं आहे. वहीत हा रकाना मी ठेवलाच नव्हता. माझ्या खलाशाने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की डोकं दुखायचं थांबलं. मला वाटलं होतं धुरामुळे. आवाज असेल.

खाडीमुख, वजनाचं तुमचं मान्य. जेटी नसती तर मीही १०० किलोचं इंजिन घेतलं नसतं. पण प्रश्न विचारतो, रागावू नका. तुम्हाला ४० हवंच कशाला? भरलेल्या होडीने तुम्ही पूर्ण थ्रॉटल दिवसातून किती वेळ देता?

मशीनवाला

हाच प्रश्न मी टाकणार होतो. सुझुकीचं फोर-स्ट्रोक ३० बघा. ४९० सीसी, तीन सिलिंडर, वजन ६०-६५ किलो. म्हणजे तुमच्या आजच्या टू-स्ट्रोक ४० पेक्षा हलकं. पेट्रोल इंजेक्शन आहे, तरी बॅटरीशिवाय दोरी ओढून सुरू होतं. ३० मध्ये कंपनीचा फरक खराखुरा दिसतो: यामाहाचं फोर-स्ट्रोक ३० त्याच ७४७ सीसीच्या ब्लॉकवर आहे, ते ९० किलोच्या पुढे जातं. तोहात्सूचं मधे कुठेतरी.

खाडीमुख

नाही, हे पटत नाही. ४० मी हौसेला ठेवलेलं नाही. आचऱ्याच्या खाडीच्या तोंडावर वाळूची पट्टी आहे. ओहोटीला परत येताना मागून लाट उठते. लाटेच्या पुढे राहायचं असेल तर त्या अर्ध्या मिनिटात जे आहे ते सगळं लागतं. ३० टक्के काम हळू असेल, ६० असेल, ९० असेल. त्या अर्ध्या मिनिटात होडी आडवी झाली तर वहीतलं पेट्रोल काय कामाचं? माझ्या वडिलांच्या वेळी तिथे होडी उलटलेली मी किनाऱ्यावरून बघितली आहे. माणसं वाचली, जाळी गेली.

मशीनवाला

तुमची भीती खरी आहे, ती मी हलकी करत नाही. पण लाटेच्या पुढे राहण्यासाठी घोड्यांपेक्षा प्रोपेलर महत्त्वाचा. तुमच्या ४० वर प्रोपेलर किती पिचचा आहे, म्हणजे एका फेऱ्यात किती इंच पुढे जाणारा? भरलेल्या होडीने पूर्ण थ्रॉटलला आरपीएम किती जातो, कधी मोजलाय? इंजिन ५००० च्या वर जायला हवं आणि ते ४२०० ला अडकत असेल, तर तुम्ही ४० चे पैसे देऊन ३० वापरताय. पिच एक इंचाने कमी केली की आरपीएम साधारण २०० ने वाढतो. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत मी बघितलेल्या बऱ्याच होड्यांवर विक्रेत्याने खोक्यातून जो प्रोपेलर दिला तोच आहे, आणि तो हलक्या होडीसाठीचा असतो.

दुसरं, मागची फळी मोजा. अँटी-व्हेंटिलेशन प्लेट (इंजिनवर प्रोपेलरच्या वरची आडवी पट्टी) होडीच्या तळाच्या रेषेत हवी. ती वर राहिली तर नेमकं लाटेच्या माथ्यावर प्रोपेलर हवा पकडतो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही. खाडीच्या तोंडावर तेच घात करतं.

हर्णैचा वारा

मला तर वाटतं अशा ठिकाणी एका ४० ऐवजी २० ची दोन लावावीत. केरळात छोट्या इंजिनांच्या जोड्या लावून वर्षानुवर्षं मासेमारी चालते. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर घरी येता. आणि उचलायला प्रत्येकी ५० किलोच्या आसपास.

पागी (देवगड)

दोन इंजिनं म्हणजे दोन इम्पेलर, दोन गिअर ऑईल, दोन प्रोपेलर, आणि दोन्हींना एकाच टाकीचं तेच पाणी मिसळलेलं पेट्रोल. पेट्रोल खराब असेल तर दोन्ही एकाच मिनिटात बंद पडतील. वेगळ्या टाक्या ठेवणार असाल तरच याला अर्थ आहे.

खाडीमुख

गेले चार दिवस लिहिलं नाही, कारण मोजमाप करत होतो.

पिस्टन काढला. एका बाजूला उभे ओरखडे आहेत, मशीनवाल्यांनी सांगितले तसेच. इम्पेलरची दोन पाती तुटलेली निघाली. इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची पिचकारी बारीक येत होती हे मला एप्रिलपासून दिसत होतं आणि मी नळीत तार घालून साफ करत राहिलो. ती चूक माझी.

फळी २० इंची, लाँग शाफ्ट बरोबर आहे. पण प्लेट तळापासून बोटभर वर होती. प्रोपेलर १३ पिचचा. आरपीएम मोजायचा टॅकोमीटर कधी लावलाच नव्हता.

भाऊ म्हणतो यामाहाच घे, डोळे झाकून चालवता येतं. घरी गजालवालींचं लिहिलेलं वाचून दाखवलं तर आई म्हणाली, तुझे बाबापण शेवटी ऐकत नव्हते, आम्हाला वाटायचं वयामुळे. ते ऐकून मी बराच वेळ गप्प होतो.

३० वर माझा अजून विश्वास बसलेला नाही. पण मालवणात एकाकडे ते ३० आहे, तो नारळी पौर्णिमेनंतर एक दिवस द्यायला तयार आहे. माझ्या होडीवर लावून, जाळी भरून, तिघं बसून, ओहोटीला खाडीच्या तोंडावर नेऊन बघणार. होडी तिथे मागे पडली तर एंड्युरो. नाही पडली तर सुझुकी, आणि हर्णैच्या भावांच्या सात वस्तू आधी काउंटरवर.

मशीनवाले, त्या दिवशी येताना तुमचा टॅकोमीटर आणा, आणि ११ व १२ पिचचे प्रोपेलर मिळाले तर तेही. जेवण आमच्याकडे.