फील्ड प्रोजेक्ट केला एकानं, बोलले दुसरेच. तुमच्या कॉलेजात पण असंच का?

बर्डीवाला: बीएस्सी सेकंड इयर, नागपूर. एनईपीच्या (नवीन शिक्षण धोरणाच्या) सिलॅबसमध्ये 2 क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट आहे, आम्ही नाग नदीकाठच्या वस्तीतलं बोअरचं पाणी घेतलं. आमच्या फॉर्ममध्ये प्रश्न होता 'पाणी स्वच्छ आहे का, हो/नाही', सगळे 'हो' म्हणत होते. ग्रुपमधला एक पोट्टा गडचिरोलीकडचा, होस्टेलला राहतो, त्यानं एका काकूंना विचारलं, "रातभर गुंडात ठेवलं तं वर पिवळी साय येते का?" (गुंड म्हणजे पाणी भरायचं भांडं.) काकू लगेच आत घेऊन गेल्या, गुंड दाखवला. लोह असलेलं पाणी भरताना स्वच्छच दिसते, हवा लागली की मग पिवळं पडते, हे त्याला घरचंच माहीत. पूर्ण प्रोजेक्ट त्यावर फिरला आणि प्रेझेंटेशनच्या दिवशी सर म्हणाले ज्याचं इंग्लिश चांगलं त्यानं बोला, तो बिचारा स्लाइडा सरकवत बसला. मार्क सगळ्यांना सेम. यात शिकलं कोण मग?

मास्तर_धरमपेठ: 2 क्रेडिट म्हणजे 60 तासांचं काम, आणि मार्क शेवटच्या दहा मिनिटांवर. अनुभवातून शिकण्यावर लिहिणाऱ्या डेव्हिड कोल्बनं 1984 मध्येच मांडलं होतं की अनुभव घ्या, त्यावर विचार करा, त्यातून काही नियम हाती लागतो का बघा, मग परत करून पाहा. आपण अनुभवावरून डायरेक्ट पीपीटीवर उडी मारतो, मधलं सगळं गायब. मी आता अर्धे मार्क फील्ड डायरीला ठेवतो, मराठी हिंदी काहीही चालते, आणि व्हायवा एकेकट्याचा. तपासायला वेळ जातो, खोटं कशाला बोलू.

भंडारा_अपडाऊन: भाषेचं जाऊ द्या हो, आधी पोचता तर आलं पाहिजे. मला ऑन जॉब ट्रेनिंग बुटीबोरी एमआयडीसीत मिळालं होतं, सुटायला सात वाजत, तिथून नागपूर आणि मग भंडाऱ्याची एसटी. घरच्यांनी नाही म्हटलं. शेवटी ओळखीच्या दुकानातून सर्टिफिकेट आणलं, शिकली काहीच नाही. गाडी असलेल्या मुली मात्र मस्त करून आल्या. जागा वाटताना कोण कुठून येते हे कोणी विचारलंच नाही.

विदर्भ_एक्सप्रेस: काहून एवढं मनाला लावून घेता राजेहो, जॉबमध्ये इंग्लिशच लागते. शिकू द्या नं त्याला.

बर्डीवाला: शिकू द्या म्हणता, पण बोलायला दिलं तर शिकेल नं! मी विचारलं त्याला, तर म्हणे "मले बोलता येते बे, पण तोंड उघडलं का मागचे हासतेत." हसणारे आपल्याच क्लासचे आहेत, कंपनीतले नाहीत. आणि सरांच्या समोर हसतात.

मास्तर_धरमपेठ: हे सरांनी तिथल्या तिथे थांबवायला पाहिजे, त्याला सिलॅबस लागत नाही.

बर्डीवाला: सर, त्या डायरीचा नमुना असेल तर टाका नं इथे. पुढच्या सेमला कम्युनिटी एंगेजमेंट आहे, ग्रुप पडायच्या आधी मॅडमला दाखवतो.