प्रतिसाद: जिल्हा पंचायत बरखास्त करून काय मिळणार?

'झेडपी म्हणजे नुसता मानधनाचा खर्च, बरखास्त करा' असं आपल्या गोव्यातल्या जिल्हा पंचायतींबद्दल (म्हणजेच झेडपी) वर दोघांनी लिहिलंय. राग समजतो, पण दोष सदस्यांचा कमी आणि रचनेचा जास्त आहे. २० लाखांखाली लोकसंख्या असलेल्या राज्याला मधली पायरी, म्हणजे पंचायत समिती, नको म्हटलं तरी चालतं. जिल्हा पंचायत मात्र घटनेनेच सक्तीची केलीय. २०११च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाखांच्या आसपास, त्यामुळे इथे खाली ग्रामपंचायत नि वर थेट झेडपी. ती काढायची तर घटनादुरुस्ती हवी. पर्वरीच्या विधानसभेत ठराव घेऊन भागणार नाही.

खरं दुखणं अधिकारांचं. सावंतवाडीत बघा, प्राथमिक शाळा नि आरोग्य केंद्रं सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेकडे. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी राज्य सरकारच्या खात्यांकडे. पंचायतींकडे सोपवायचे घटनेच्या अकराव्या अनुसूचीतले २९ विषय कागदावर आहेत, पण सदस्याच्या हाती उरतं काय? गटार, संरक्षक भिंत, फार तर स्मशानशेड. त्यात ४० आमदारांच्या एवढ्याशा राज्यात त्याच वाड्यावर आमदारही नारळ फोडायला हजर! (निवडणूक पक्षचिन्हावर, मग आपल्याच पक्षाच्या आमदाराशी भांडायचं कसं?)

मागायचंच असेल तर खाती मागा, आणि खात्यांबरोबर कर्मचारीही.